जुन्या अ‍ॅम्बॅसेडरचा ‘अर्थ’ लावताना

सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) मारला की नुसतं ‘टक्’ होतं. बॅटरी नवी आहे, हेडलाईटही लागतात. बॅटरीवाला म्हणतो सेल्फ उघडा, सेल्फवाला म्हणतो बॅटरी बदला. अशा वेळी कुणाला तरी तीन-चार सेकंद सेल्फ मारायला सांगा, सेल्फ थांबला की बॉनेटखाली चोकच्या केबलचं बाहेरचं आवरण बोटांनी चाचपा. ते कोमट लागलं तर बॅटरी आणि सेल्फ या दोघांवरचा आळ तिथेच उतरतो.

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत तांब्याची विणलेली एक पट्टी जोडलेली असते. क्लच प्लेटच्या कामाला गिअरबॉक्स उतरवला की ती पट्टी सुटते, आणि पुन्हा बसवायची राहून जाते. मग सेल्फचा दीडशे-दोनशे अँपिअर करंट परत यायला वाट शोधतो. त्याला सापडते चोकची केबल, अ‍ॅक्सिलरेटरची केबल नाहीतर स्पीडोमीटरची केबल. त्या तापतात, कधी आतून चिकटतात आणि सेल्फ अर्धपोटी राहतो.

जुन्या गाडीच्या विजेत करंट जातो कसा हे सगळे बघतात. तो बॉडीच्या पत्र्यातून, म्हणजे ‘अर्थ’मधून, परत कसा येतो हे बघायचं राहतं. पार्ट बदलायला काढलेल्या पैशातून आधी एक साधा डिजिटल मीटर (मल्टिमीटर) घ्या. या लेखातलं बहुतेक काम त्याच्या भरवशावर आहे.

इथे समोर ठेवली आहे ती डायनॅमोवाली (डायनॅमो म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरून वीज बनवणारं यंत्र) जुनी पेट्रोल अ‍ॅम्बॅसेडर: १४८९ सीसीचं इंजिन, मॉरिस ऑक्सफर्डचा वंश आणि लुकास या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीची वीज. १९६१ साली मद्रासमध्ये लुकास-टीव्हीएस सुरू झाली आणि हेच सामान भारतात बनू लागलं, म्हणून इथल्या अनेक जुन्या गाड्यांना यातलं पुष्कळसं लागू पडतं. कुर्ल्याला बनलेल्या प्रीमियर पद्मिनीची वीज मात्र इटालियन घराण्याची. तिथे बॅटरी, अर्थ आणि वायरींबद्दलचं सगळं चालेल, पण डायनॅमोच्या आणि कटआउटच्या (डायनॅमोची वीज आवरणारी काळी डबी) चाचण्या जशाच्या तशा उचलू नका.

बॅटरीचा कोणता खांब बॉडीला लावला आहे?

पाना हातात घेण्याआधी हे बघा. आज रस्त्यावरच्या बहुतेक सगळ्या गाड्यांत बॅटरीचा निगेटिव्ह बॉडीला असतो. जुन्या ब्रिटिश घराण्याच्या गाड्यांत पॉझिटिव्ह बॉडीला असे. मधल्या पन्नास वर्षांत कुणी तो उलटा केला असेल, अर्धवट उलटा केला असेल किंवा तसाच ठेवला असेल. पुस्तकावर विसंबू नका, गाडी बघा. बॅटरीवरचं अधिक-उणे चिन्ह पाहून कोणती केबल बॉडीला जाते ते डोळ्यांनी शोधा. पॉझिटिव्हचा खांब निगेटिव्हपेक्षा किंचित जाड असतो. क्लॅम्प ठोकून बसवलेला किंवा पत्र्याची पट्टी घालून घट्ट केलेला दिसला तर कधीतरी अदलाबदल झाली आहे असं समजा.

बॅटरी काढताना बॉडीला जोडलेली केबल आधी सुटली पाहिजे आणि लावताना ती शेवटी लागली पाहिजे, मग ती पॉझिटिव्ह असो की निगेटिव्ह. दुसरी केबल आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर तो पाना शेकडो अँपिअरची तार होतो. हातात अंगठी किंवा कडं असेल तर काढून ठेवा.

पॉझिटिव्ह अर्थ निगेटिव्ह करून घ्यावा का? आधुनिक रेडिओ, चार्जिंग सॉकेट किंवा अल्टरनेटर (डायनॅमोच्या जागी आलेलं नवं यंत्र) बसवायचा नसेल तर करू नये, असं आमचं मत. गाडीला काही फरक पडत नाही. करायचाच असेल तर पूर्ण करा. प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलच्या दोन्ही वायरी अदलाबदल कराव्या लागतात. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत कॉइलचं अधिक टोक डेलकोकडे (डिस्ट्रिब्युटरकडे) जातं, निगेटिव्ह अर्थमध्ये उणे टोक. ते उलटं राहिलं तरी गाडी चालते, पण प्लगला ठिणगी टाकायला जास्त व्होल्टेज लागतं आणि पावसाळी सकाळी गाडी रडते. अँपिअर मीटरच्या वायरी बदला, नाहीतर चार्जिंगला काटा डिस्चार्ज दाखवेल. सेल्फला आणि जुन्या, गुंडाळीच्या फील्डवाल्या (चुंबकाऐवजी तारेची गुंडाळी असलेल्या) वायपर मोटरला फरक पडत नाही. कायमच्या चुंबकाची मोटर मात्र उलटी फिरेल. जुना रेडिओ असेल तर त्याची वायर आधीच सोडा, तो जळेल. डायनॅमोला नवी दिशा शिकवायची असते, ते पुढे येतंच.

बॅटरी: आकडे बोलतात

बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल, प्रत्येकी साधारण २.१ व्होल्टचे. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी काही चालू न करता मोजा. १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२ म्हणजे पाव उरलेली. हो, बारा व्होल्टची बॅटरी बारा दाखवते तेव्हा ती जवळजवळ रिकामी असते. चार्जर नुकताच काढला असेल तर आकडा फुगलेला येतो. दोन मिनिटं हेडलाईट लावा, बंद करा, पाच मिनिटं थांबून मोजा.

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर ॲसिडचा दाटपणा मोजणारा हायड्रोमीटर वापरा, तो मीटरपेक्षा जास्त सांगतो. बॅटरी बनवणाऱ्याने दिलेला आकडा गाठायचा. आपल्याकडच्या बॅटऱ्यांत तो बहुधा १.२४० ते १.२८० च्या दरम्यान असतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सहा सेलमधला फरक. पाच सेल १.२४५ आणि एक १.१८० असेल तर तो सेल मेला आहे, आणि त्याला चार्जिंगने जिवंत करता येत नाही. ॲसिड गरम असेल तर आकडा कमी दिसतो, दहा अंशांमागे सुमारे ०.००७.

वर ओतायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. पाणी उडून जातं, ॲसिड उडत नाही, म्हणून पुन्हा ॲसिड घातलं तर प्लेटा जळतात. पाणी चार्ज झाल्यावर भरा, कारण चार्जिंगमध्ये पातळी वर चढते आणि आधीच काठोकाठ भरलेलं ॲसिड ट्रेमध्ये सांडतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील इतकंच घाला.

चार्जिंगचा दर क्षमतेच्या दहाव्या भागापर्यंत ठेवा, म्हणजे ६० अँपिअर-तासांच्या बॅटरीला जास्तीत जास्त ६ अँपिअर. महिनोन् महिने पडून राहिलेल्या बॅटरीला तीनच द्या आणि चोवीस तास धीर धरा. कमी चार्जवर पडून राहिल्याने प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक बसलेले असतात. ते हळूहळूच सुटले तर सुटतात. चार्जर चालू असताना निघणारा हायड्रोजन पेट घेतो, म्हणून चार्जरचा चिमटा लावताना-काढताना आधी स्विच बंद करा.

खांबांवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर झाकणं घट्ट लावा आणि पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून ब्रशने धुवा. सोडा सेलमध्ये गेला तर ॲसिड मरेल. व्हॅसलीन क्लॅम्प घट्ट केल्यानंतर वरून लावायचं.

सेल्फचा रस्ता मोजणे

आता मूळ दुखणं. रेझिस्टन्स मोजून हा दोष सापडत नाही. एका गंजक्या जोडाचा रेझिस्टन्स ओहमचा शंभरावा भाग असला तरी १५० अँपिअर वाहताना तिथे दीड व्होल्ट गळतात, आणि साधा मीटर ओहमचा शंभरावा भाग दाखवूच शकत नाही. म्हणून करंट वाहत असताना कुठे किती व्होल्ट गळतात ते मोजायचं.

इंजिन सुरू होऊ नये म्हणून कॉइलची स्विचकडून येणारी वायर काढून इन्सुलेशन टेपने गुंडाळा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. मीटर डीसीच्या २० व्होल्टवर. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत आकड्याआधी उणे चिन्ह येईल, त्याकडे दुर्लक्ष करा.

पहिलं माप बॅटरीच्या दोन खांबांवर. क्लॅम्पवर नव्हे, मधल्या शिशाच्या खांबावर टोचा. सेल्फ फिरताना आकडा साडेनऊ-दहाच्या वर राहायला हवा. इथेच निम्मं निदान होतं. सेल्फ रडतोय आणि आकडा आठवर कोसळतोय, तर बॅटरी दुबळी आहे किंवा सेल्फ आतून जाम होऊन बेसुमार करंट ओढतोय. सेल्फ रडतोय पण आकडा १२.२ वरच बसून आहे, तर बॅटरीकडून कुणी काही घेतच नाहीये. रस्त्यात अडथळा आहे, आणि नवी बॅटरी आणली तरी तो तिथेच राहणार.

दुसरं माप परतीच्या वाटेचं. मीटरचं एक टोक बॉडीला लागलेल्या खांबावर, दुसरं इंजिन ब्लॉकच्या उघड्या लोखंडावर. सेल्फ फिरताना इथे ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा कमी असावं. अर्धा व्होल्ट ओलांडला तर टप्प्याटप्प्याने चाला: खांब ते क्लॅम्प, क्लॅम्प ते बॉडीवरचा बोल्ट, बोल्ट ते शेजारचा उघडा पत्रा, पत्रा ते ब्लॉक. ज्या टप्प्यावर आकडा उडी मारतो तिथे दोष. बोल्ट आणि पत्रा यांच्यामध्ये रंगाचा थर सापडणं हे नेहमीचं. गाडीला नवा रंग मारून घेतला आणि त्यानंतर वीज बिघडली, अशी तक्रार असेल तर हीच जागा आधी बघा.

तिसरं माप जाण्याच्या वाटेचं: दुसरा खांब ते सेल्फचा जाड स्टड. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालेल. सेल्फला करंट जोडणारा मधला स्विच किंवा सोलेनॉइड (विजेने ओढला जाणारा स्विच) वेगळा मोजा. त्याच्या दोन जाड स्टडांमध्ये सेल्फ फिरताना ०.२ पेक्षा जास्त असेल तर आतले संपर्क जळलेत.

दुरुस्ती साधी आहे. बोल्ट काढा, पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला, आवळा, मग वर ग्रीस. केबल बदलायची तर किमान २५ चौरस मिमी तांब्याची घ्या, ३५ असेल तर उत्तम, आणि थिंबल (केबलच्या टोकाची धातूची टोपी) हातोडीने न ठोकता प्रेसवर दाबून घ्या. दुकानात मिळणाऱ्या काही तयार केबलींवर प्लास्टिक जाड आणि आत तांबं बोटभरही नसतं, तेव्हा टोक उघडून बघा. सहा व्होल्टच्या आणखी जुन्या गाडीत तेवढ्याच कामाला दुप्पट करंट लागतो, म्हणून तिथे केबलही दुप्पट जाड हवी. सहा व्होल्टच्या गाड्यांना ‘स्टार्टिंगला वाईट’ म्हणतात त्यातला मोठा भाग हा, की त्यांना नंतर कुणीतरी बारा व्होल्टची केबल घातलेली असते.

डायनॅमो: लाल दिवा काय म्हणतोय

डायनॅमो हा अल्टरनेटरचा गरीब पूर्वज. या काळातल्या लुकासच्या दोन नेहमीच्या डायनॅमोंपैकी सी-३९ जास्तीत जास्त १९ अँपिअर देतो आणि सी-४० सुमारे २२. तेही गाडी वेगात असताना. आयडलिंगला तो जवळपास काहीच देत नाही.

डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याचं एक टोक इग्निशनला आणि दुसरं डायनॅमोच्या वीज बाहेर देणाऱ्या डी टर्मिनलला जोडलेलं असतं. डायनॅमो थांबलेला असताना एका बाजूला बारा, दुसऱ्या बाजूला शून्य, म्हणून दिवा लागतो. डायनॅमोने व्होल्टेज गाठलं की दोन्ही बाजू सारख्या होतात आणि दिव्यातून काही वाहत नाही. त्यामुळे आयडलिंगला तो मिणमिणला तर ठीकच आहे. साठच्या वेगाला मिणमिणत असेल तर डायनॅमो आणि बॅटरी यांच्यात कुठेतरी व्होल्ट गळताहेत. बहुधा कटआउटचे संपर्क काळे पडलेले असतात किंवा वायरीचा जोड सैल असतो.

डायनॅमो तपासायची जुनी रीत आजही अचूक आहे. पट्टा आधी बघा, लांब बाजूच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यावर साधारण १३ मिमी दबायला हवा. मग डायनॅमोवरच्या दोन्ही वायरी काढा, मोठ्या टर्मिनलची डी आणि छोट्याची एफ (फील्डची). दोन्ही टर्मिनल छोट्या तारेने एकमेकांना जोडा. मीटर त्या तारेपासून डायनॅमोच्या उघड्या धातूपर्यंत. इंजिन सुरू करून हळूहळू वेग वाढवा. आकडा झटके न देता चढत २० व्होल्टपर्यंत गेला की थांबा, डायनॅमो चांगला आहे. त्यापुढे इंजिन पळवू नका, इथे आवरायला कटआउट जोडलेला नाही.

आकडा चढला नाही तर तो कुठे अडतो यावरून दोष ओळखता येतो. काहीच नाही, तर कार्बन (फिरत्या भागाला टेकणारे ब्रश) अडकलेत किंवा झिजलेत. अर्धा-एक व्होल्ट, म्हणजे उरलेल्या चुंबकत्वावर डायनॅमो कसाबसा फिरतोय, फील्डची गुंडाळी तुटली आहे. चार-पाच व्होल्टवर अडला तर आर्मेचरवर (आतल्या फिरत्या गुंडाळीवर) संशय घ्या. फील्डचा रेझिस्टन्स मीटरने मोजता येतो: एफ ते बॉडी सुमारे ६ ओहम.

कार्बन साधारण ७ मिमीच्या खाली गेले की बदला. काळा पडलेला कॉम्युटेटर (कार्बन टेकतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा भाग) बारीक काचपेपरने फिरवत घासा. एमरी पेपर नको, त्याचे कण तांब्यात रुतून बसतात आणि पुढे कार्बन खातात. तांब्याच्या पट्ट्यांमधलं अभ्रक तांब्याच्या बरोबरीला आलं असेल तर हॅक्सॉच्या पात्याने अर्धा ते पाऊण मिमी खोल करून घ्या. मागच्या बुशच्या भोकात इंजिन ऑईलचे दोन-तीनच थेंब. प्रेमाने जास्त सोडलेलं तेल थेट कॉम्युटेटरवर जातं.

डायनॅमो नवा बसवला, वाइंडिंग करून आणला किंवा अर्थची दिशा बदलली, की त्याला पोलॅरिटी द्यायची. डी आणि एफ दोन्ही वायरी काढलेल्या, बॅटरी जोडलेली, इंजिन बंद. बॅटरीच्या बॉडीला न जोडलेल्या खांबापासून एक तार घेऊन ती एफ टर्मिनलला क्षणभर टेकवायची, दोन-तीन वेळा. छोटी ठिणगी उडेल. एवढ्याने डायनॅमोच्या आतल्या लोखंडी खांबांमध्ये उरणाऱ्या चुंबकत्वाची दिशा ठरते. हे राहिलं तर डायनॅमो उलटी वीज बनवतो, कटआउट मिटताच ती बॅटरीवर आदळते आणि संपर्क वितळून चिकटतात. ही कृती लुकासच्या रचनेची आहे, जिथे फील्डचं दुसरं टोक आतच बॉडीला जोडलेलं असतं.

कटआउट

गॅरेजमध्ये ज्या काळ्या डबीला कटआउट म्हणतात तिच्यात किमान दोन यंत्रं असतात. खरा कटआउट डायनॅमोला १२.७ ते १३.३ व्होल्टच्या दरम्यान बॅटरीला जोडतो आणि वेग उतरला की तोडतो. दुसरा रेग्युलेटर, तो फील्डचा करंट कमी-जास्त करून व्होल्टेज आवरतो.

बॅटरी उकळते, पाणी आठवड्याला संपतं, बल्ब पटापट उडतात: रेग्युलेटरचा स्क्रू फिरवण्याआधी त्याची ई (अर्थच्या) टर्मिनलची वायर बघा. ती बॉडीला नीट लागली नसेल तर रेग्युलेटरला व्होल्टेज किती आहे हे कळतच नाही आणि तो फील्ड पूर्ण उघडा सोडतो. रेग्युलेटर खराब म्हणून टाकून देण्याआधी ही पाच मिनिटं घालवाच.

आरबी-१०६ नावाच्या दोन गुंडाळ्यांच्या डबीचं सेटिंग तपासायचं तर ए आणि ए१ वरच्या वायरी काढून एकमेकींना जोडा, नाहीतर इग्निशनला करंट मिळणार नाही. मीटर डी आणि ई मध्ये लावून वेग हळूहळू वाढवा. २० अंश तापमानाला आकडा साधारण १६ ते १६.६ वर स्थिरावायला हवा. सोळा बघून घाबरू नका, हे बॅटरी तोडलेल्या अवस्थेतलं माप आहे. बॅटरी जोडल्यावर तिच्या खांबांवर साडेतेरा-चौदाच्या आसपास दिसेल. माप तीस सेकंदांत उरका, गुंडाळी तापली की आकडा खोटा होतो. तीन गुंडाळ्यांच्या डबीचे आकडे वेगळे, तिला हे लावू नका.

कटआउटचे संपर्क चिकटले तर इंजिन बंद केल्यावरही बॅटरी डायनॅमोत रिकामी होत राहते. गाडी उभी करून तासभर झाला, इंजिन निवलं आणि डायनॅमोच तेवढा गरम लागतोय, तर आधी बॅटरीची अर्थ केबल काढा आणि मग विचार करा.

रात्रीतून बॅटरी उतरते

या गाडीत संगणक नाही, लॉकिंग नाही. घड्याळ नसेल तर उभ्या गाडीत शून्य करंट वाहिला पाहिजे. अर्थ केबल काढा आणि खांब व केबल यांच्यामध्ये बारा व्होल्टचा छोटा बल्ब जोडा. दारं बंद, सगळे स्विच बंद. बल्ब लख्ख पेटला तर मोठी गळती. विझलेलाच राहिला तर तिथे मीटर अँपिअरवर लावून काही मिलिअँपिअरची गळती आहे का बघा. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरच जाईल. आता एकेक वायर सोडत जा: पहिला फ्यूज, दुसरा फ्यूज, कटआउटची डी, लायटिंग स्विच. जी सोडल्यावर बल्ब विझतो, तीच.

वायरिंग आणि ते दोन फ्यूज

लुकासच्या रंगांना भाषा आहे. तपकिरी म्हणजे बॅटरीकडून कायम करंट, पांढरा म्हणजे चावी लावल्यावर, हिरवा म्हणजे चावी लावल्यावर आणि फ्यूजमधून. निळा हेडलाईटचा: निळा-पांढरा अपर, निळा-लाल डिपर. लाल पार्किंगचा, काळा अर्थचा. आतल्या कापडी आवरणाच्या वायरी ओढू नका, रबर बिस्किटासारखं मोडतं. कुठे तिसराच रंग मध्येच घुसलेला दिसला तर ती कुणाची तरी जोडाजोड, संशय तिथून सुरू करा.

या पिढीच्या ब्रिटिश गाड्यांत बहुधा दोनच फ्यूज असतात, ए१-ए२ आणि ए३-ए४. अनेकदा हेडलाईट आणि इग्निशन यांच्या वाटेत फ्यूजच नसतो. मूळ फ्यूजवर ३५ अँपिअर लिहिलेलं असे, पण लुकासच्या हिशेबात तो उडण्याचा आकडा आहे आणि कायम पेलण्याचा सुमारे १७. आज दुकानात ३५ चा फ्यूज मागितला तर बहुधा ३५ कायम पेलणारा हातात पडतो. मग शॉर्ट झालं की फ्यूजच्या आधी वायर जळते. १५ किंवा २० चा लावा. फ्यूजऐवजी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळण्याबद्दल वेगळं काही लिहायला नको.

घरातली वायर गाडीत नको. एकच जाड तार धक्क्यांनी मोडते आणि तिचं प्लास्टिक तेल-उष्णता सोसत नाही. ऑटोची बहुतारी वायर घ्या: दिव्यांना १.५, हेडलाईटच्या मुख्य लाईनला २.५ ते ४, डायनॅमोच्या डीला ४ ते ६ चौरस मिमी. जोड पिळून टेप लावण्यापेक्षा थिंबल दाबून स्लीव्ह चढवलेला बरा. मुंबई-कोकणच्या हवेत टेपचा डिंक एका पावसाळ्यात सुटतो.

हेडलाईट मंद असतील तर बल्बच्या होल्डरवर, दिवा चालू ठेवून, व्होल्टेज मोजा. बॅटरीवर १२ आणि होल्डरवर १०.८ असेल तर दहाच टक्के गेले असं वाटतं, पण साध्या बल्बचा प्रकाश तीस टक्क्यांनी पडतो. उपाय रिले, म्हणजे थोड्या करंटने चालणारा आणि मोठा करंट जोडणारा स्विच. त्याच्या ३० नंबरच्या टर्मिनलला बॅटरीकडून फ्यूजमधून वायर, ८७ वरून दिव्याला, ८६ ला डिपर स्विचची जुनी वायर, ८५ अर्थला. अपर आणि डिपरला वेगवेगळा रिले. जुन्या स्विचमधून मग रिलेपुरता किरकोळ करंट जातो. दिव्याची अर्थ वायरही नवी घाला, होल्डरच्या गंजलेल्या कडीवर विसंबू नका. एलईडी लावायचे तर दोन अडचणी: पॉझिटिव्ह अर्थला ते उलटे पडतात, आणि गरम होऊन उघडझाप करणारा जुना फ्लॅशर इतक्या कमी भारावर चालत नाही.

अल्टरनेटर बसवावा का?

हिशेब करून ठरवा. ४५ वॅटचे दोन हेडलाईट म्हणजे साडेसात अँपिअर, पार्किंग आणि मागचे दिवे दोन, कॉइल तीन-चार, वायपर दोन-तीन. पावसातल्या रात्रीही पंधरा-सोळाला हिशेब मिटतो, आणि धडधाकट डायनॅमो ते पेलतो. पण मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये रोज तासभर आयडलिंगवर, वर फॅन आणि फोनचा चार्जर, तर अल्टरनेटरला पर्याय नाही. बसवताना निगेटिव्ह अर्थ करा. अल्टरनेटरची मुख्य वायर ६ किंवा १० चौरस मिमीची, फ्यूज घालून सरळ बॅटरीच्या केबलपर्यंत न्या. जुन्या कटआउटमधून आणि गाडीच्या तीस अँपिअरच्या अँपिअर मीटरमधून ४५ अँपिअर पाठवू नका. लाल दिव्याचा बल्बही आता नुसता दाखवायला नाही, अनेक अल्टरनेटर त्याच्यातूनच जागे होतात. तो उडाला तर चार्जिंग सुरू होत नाही.

काढलेला डायनॅमो, कटआउट आणि ब्रॅकेट भंगारात देऊ नका. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीची ‘व्हीए’ क्रमांकाने व्हिंटेज म्हणून नोंद होते. तिथे गाडी मूळ रूपात आहे का हे पाहिलं जातं.

त्याच नियमांत अशी गाडी रोजच्या वापराला चालवता येत नाही, त्यामुळे ती बहुतेक काळ उभीच राहते. मग दर रविवारी सकाळी दहा मिनिटं इंजिन सुरू ठेवायची पद्धत पडते. डायनॅमोच्या गाडीत हे उलटं काम आहे: सेल्फने काढलेलं भरून येत नाही, वर कॉइल दहा मिनिटं तीन-चार अँपिअर खात बसते. काढायची तर चाळीस मिनिटं रस्त्यावर काढा. नाहीतर अर्थच्या केबलवर कटऑफ स्विच बसवा, आणि स्वतः थांबणारा छोटा चार्जर महिन्यातून एक रात्र लावा.